मार्केट स्ट्रीट, दुपारी बारा

21 नोव्हेंबर 1918, गुरुवार. तुम्ही सॅन फ्रान्सिस्कोच्या मार्केट स्ट्रीटवर उभे आहात. तोंडाला पातळ गॉजचा मास्क बांधलाय. श्वासाने तो ओला होऊन नाकाला चिकटतोय. दोन्ही गालांपाशी फट आहे आणि श्वास ओढलात की गार हवा तिथूनच आत घुसते. ज्याला अडवायचं तो फ्लूचा विषाणू अजून कुणाला सापडलेला नाही; माणसातून तो वेगळा काढायला 1933 साल उजाडेल.

येणारे-जाणारे सगळे तोंड झाकूनच आहेत. न झाकलं तर दंड, नाहीतर कोठडी. दहा दिवसांपूर्वी महायुद्ध थांबलं, त्या रात्री हे लोक मास्क लावूनच नाचले. आता शेजारच्या कचेरीत शिरा. दार लोटलं, पोलीस दिसेनासा झाला, की मास्क हनुवटीखाली. खिडक्या बंद, माणसं टेबलाला टेबल लावून बसलेली, कुणीतरी खोकतंय. मोकळ्या हवेत झाकलेलं तोंड नेमकं इथे उघडं!

बाराला भोंगा वाजतो. सक्ती संपली. लोक मास्क ओरबाडून फेकतात, फुटपाथ पांढरे होतात.

जानेवारीत फ्लूची साथ पुन्हा चढते. 17 तारखेला पुन्हा सक्ती, मग मास्कविरोधकांची मोठी सभा, आणि 1 फेब्रुवारीला पुन्हा सुटका.

1920. कॅलिफोर्नियाच्या आरोग्य मंडळाचे डॉ. केलॉग गॉजचे पदर वाढवत जंतूंचे तुषार त्यातून किती पार होतात ते मोजताहेत, शेजारी उभे राहून पाहा. पदर कमी तर जंतू आरपार. जास्त, तर श्वास जड होतो आणि हवा कडांनी पळते. सक्तीने साथ रोखली नाही, असं ते स्वच्छ लिहितात. कचेऱ्यांत उतरवलेले मास्कही नोंदवतात. प्रामाणिक माणूस. पण त्यांनी तोललं होतं ते गॉज, आणि ते वापरण्याची तेव्हाची रीत.

शंभर वर्षं पुढे या, 2020च्या अखेरीस बांगलादेशात. मास्कची चाचणी: 600 गावं, सुमारे 3 लाख 40 हजार प्रौढ. काही गावांत सर्जिकल, काहींत कापडी मास्क फुकट वाटले, घालायला पुन्हा पुन्हा सांगितलं. मास्क नीट घालणारे 13 टक्क्यांवरून 42वर गेले. सर्जिकल मास्कच्या गावांत लक्षणांसह कोविड झालेले सुमारे 11 टक्क्यांनी घटले, साठीपुढच्यांत 35 टक्क्यांनी. कापडी मास्कचा स्पष्ट फायदा दिसला नाही. आणि हे निम्म्याहून अधिक तोंडं उघडी असताना!

एन-95 मास्क सर्जिकल मास्कहून सरस. त्याच्या धाग्यांवर विद्युतभार असतो, तो बारीक कण ओढून धरतो. कडाही चेहऱ्याला घट्ट बसतात. 1918च्या त्या कचेरीत असं काही नव्हतं. तुमच्याकडे आहे. साथ असेल आणि बंद खोलीत गर्दी असेल, दवाखान्यात बसायचं असेल, घरी म्हातारं माणूस असेल, तर हा मास्क नाकावर दाबून, फट न ठेवता घाला. मोकळ्या रस्त्यावर एकटे चालताना खिशात ठेवलात तरी चालेल.