हिमपठारावरून उतरणारा वारा

इ. स. १९१२ च्या जानेवारीत डग्लस मॉसन यांची ऑस्ट्रेलियन मोहीम अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यावर केप डेनिसन येथे उतरली. तो दिवस शांत होता. परंतु लवकरच आतल्या हिमपठारावरून वारा सुटला, आणि तो थांबेचना. माणसांना पुढे झुकूनच चालावे लागे. सेसिल मॅडिगन यांनी वायुवेगमापकाच्या नोंदी नेमाने ठेवल्या. त्यांवरून निघालेली वर्षाची सरासरी, पुढे फेरतपासणीत कमी होऊनही, ताशी सुमारे ७० किलोमीटर भरली. समुद्रसपाटीजवळ इतका वारा वर्षभर वाहतो, यावर अनेक जाणकारांचा विश्वास बसेना.

ही शंका फिटण्यास जवळजवळ चाळीस वर्षे लागली. तेथून पश्चिमेस सुमारे ६० किलोमीटरांवर पोर्ट मार्तँ येथे फ्रेंचांनी ठाणे उभारले. मार्च १९५१ या महिन्याची तेथील सरासरीच ताशी १०० किलोमीटरांवर गेली. मॉसन यांच्या नोंदींना दुजोरा मिळाला; कारण मात्र पुरते उलगडले नव्हते.

हा वारा वादळाची वाट पाहत नाही. दीर्घ ध्रुवीय रात्रीत बर्फाची उष्णता आकाशात निघून जाते. त्यालगतची हवा गार व जड होऊन उतारावरून घसरू लागते. पृथ्वीच्या भ्रमणामुळे ती डावीकडे वळते आणि पृष्ठभागाच्या घर्षणाने अडते. या बलांचा मेळ एफ. के. बॉल यांनी १९५६ मध्ये गणितात मांडला. तरी एक प्रश्न उरलाच. किनाऱ्याच्या अरुंद उतारावरील गार हवा तर लवकरच वाहून संपावी; मग वारा दिवसचे दिवस टिकतो कसा?

उत्तर संगणकाच्या साहाय्याने मिळाले. १९८७ मध्ये थॉमस पॅरिश व डेव्हिड ब्रॉमविच यांनी सबंध हिमस्तराच्या उंचसखलपणावरून वाऱ्याच्या वाटा काढल्या. ओढेनाले मिळून नदी व्हावी, तसे आतल्या विस्तीर्ण प्रदेशातील गार हवेचे प्रवाह मोजक्या ठिकाणी एकवटतात, असे दिसून आले. केप डेनिसन अशाच एका प्रवाहाच्या मुखाशी आहे.

हाच वारा किनाऱ्यालगतचा सागरी बर्फ दूर लोटतो. उघड्या पाण्यावर पुन्हा बर्फ धरतो, आणि मागे उरलेले अधिक खारट, जड पाणी महासागराच्या तळाकडे जाते. म्हणूनच हवामानाच्या गणिती प्रतिमानांत हे उतार बारकाईने धरावे लागतात. ते ढोबळ धरले की वारा मंद निघतो. अशा गणिताची परीक्षा अखेर प्रत्यक्ष नोंदींवरच होते. ज्या नोंदी एकेकाळी अविश्वसनीय वाटल्या, त्याच येथे प्रमाण ठरल्या.