सोबत्याला पुढे धाडताना

१९९६ चा ‘डायब्लो’ मी शाळेत असताना खेळलो. ट्रिस्ट्रमच्या चर्चखाली १६ मजले. माउस दाबत उतरायचं, दिसेल ते मारायचं. संवाद वाचतंय कोण?

एनडीएत असताना एका सुट्टीत १९९८ चा ‘बाल्डर्स गेट’ हाती लागला. इथे सहा जणांची तुकडी. नायक मेला की खेळ संपला. सोबती मेला तर बहुतेकदा देवळात सोनं मोजून उठवता येई. त्यामुळे सापळ्याची शंका आली की मी बिनदिक्कत सोबत्याला पुढे धाडायचो. कॅडेटच्या डोक्याला हा हिशेब चोख वाटायचा!

काश्मीरमधल्या पहिल्या पोस्टिंगनंतर तोच खेळ पुन्हा लावला. मधल्या काळात पलटणीतल्या एका जवानाच्या घरी मी पत्र लिहिलं होतं. सापळ्यापाशी आलो आणि सोबत्याला पुढे पाठवणं जमेना. लॅपटॉप मिटला.

हल्ली २०१९ चा ‘डिस्को एलिसियम’ खेळतो. त्यात लढाईची वेगळी यंत्रणाच नाही. स्मृती गेलेला पोलीस, दोन फासे आणि बोलणं. जोडीदार लेफ्टनंट किम कित्सुरागी, शांत, वहीत टिपणं करणारा. त्याला काय वाटेल म्हणून मी उत्तरं बदलतो. (न खेळलेल्यांनी पुढचं गाळावं.) शेवटाकडे त्याला गोळी लागू शकते. मला लागू द्यायची नव्हती. तीनदा मागचं सेव्ह उघडलं.