शेतघोड्यांवरील व चीजवस्तूंवरील कर (ब्रिटन)

प्रजेच्या उत्पन्नाची उघड चौकशी करणे राज्यकर्त्यांस अप्रशस्त वाटत होते त्या काळी, रयतेच्या दारी व घरी दिसणाऱ्या ऐवजावरून तिची ऐपत अजमावून ग्रेट ब्रिटनमध्ये बसविलेल्या करांचा समूह. यांपैकी शेतघोड्यांवरील कराची स्कॉटलंडमधील १७९७-९८ ची दप्तरे इतिहासाभ्यासकांस विशेष उपयुक्त ठरली आहेत.

या पद्धतीचा जुना नमुना म्हणजे इंग्लंडातील १६९६ ची खिडकीपट्टी. ती चुकविण्यासाठी लोकांनी खिडक्याच विटांनी बुजविल्या. पुढे अमेरिकेतील व नंतर फ्रान्सशी झालेल्या युद्धांचा खर्च भागविताना पुरुष नोकर (१७७७), राहती घरे (१७७८), स्वारीचे व बग्गीचे घोडे (१७८४), मोलकरणी (१७८५), केसांस लावावयाची भुकटी (१७९५) व कुत्री (१७९६) अशी एकेक बाब सरकारी यादीत चढत गेली. मोलकरणीबद्दल अविवाहित यजमानास अधिक दराने कर द्यावा लागे. घरपट्टी, म्हैसपट्टी आपल्या दप्तरांतूनही आढळतात. परंतु केसांच्या भुकटीवर माणशी एक गिनी वसूल करण्यापर्यंत मजल नेण्याचे श्रेय मुख्य प्रधान विल्यम पिट यांसच दिले पाहिजे. १७९७ मध्ये त्यांनी भिंतीवरील घड्याळास पाच शिलिंग, खिशातील सोन्याच्या घड्याळास दहा व चांदीच्या घड्याळास अडीच शिलिंग कर बसविला. त्यासरशी घड्याळजींचा धंदा असा बसला की पुढील वर्षीच तो मागे घ्यावा लागला.

स्वारीचा घोडा, भुकटी वा सोन्याचे घड्याळ ही चैनीची लक्षणे होत. नांगराचा घोडा मात्र उदरनिर्वाहाचे साधन, आणि साधनावर कर बसविण्यात ऐपत मोजण्यापेक्षा कष्टावर बोजा टाकणेच अधिक होते. बर्विकशायरच्या जेम्स स्मॉल यांनी १७६० नंतरच्या दशकात सुधारलेला हलका नांगर एक माणूस दोन घोड्यांनिशी चालवू लागल्यापासून, पूर्वीच्या बैलांच्या व घोड्यांच्या लांबलचक जोतांची गरज स्कॉटलंडमध्ये मावळत चालली होती. त्यामुळे कोणाच्या तबेल्यात घोडे किती, यावरून त्याच्या वहितीचा अंदाज बांधता येतो. कर-दप्तरांत परगणा व पॅरिश यांच्या क्रमाने मालकाचे नाव, घोड्यांची व खेचरांची संख्या आणि आकारणी नोंदलेली असे.

१७९८ साली आधीच्या आकारणीची रक्कम कित्येक पटींनी वाढविण्यात आली. पण अपेक्षेइतका वसूल न आल्याने १७९९ पासून साठ पौंडांवरील वार्षिक उत्पन्नावरच कर बसविण्यात आला. खिडकीपट्टी १८५१ पर्यंत टिकली.

शेतघोड्यांवरील कराची ही दप्तरे एडिंबरो येथील राष्ट्रीय अभिलेखागारात जतन केलेली आहेत. १८०१ च्या पहिल्या जनगणनेपूर्वीच्या स्कॉटलंडातील सामान्य कुळांची नावे इतक्या विस्ताराने देणारी साधने थोडी असल्याने वंशशोधकांची भिस्त त्यांवर असते. मात्र ज्याच्यापाशी घोडा नव्हता, अशा शेतमजुराचा शोध त्यांत लागण्याची आशा धरू नये.