जी. आय. पी. रेल्वेचे भाग : मूल्यमापनाच्या दोन दृष्टी

वाहतूक करणाऱ्या कंपनीचा भाग विकत घेऊ पाहणारा मनुष्य सामान्यतः तीन गोष्टींचा विचार करतो : मार्गावर उतारू व माल किती मिळेल, बांधणीस व चालविण्यास खर्च किती येईल, आणि उरलेल्या नफ्यातील आपला वाटा गुंतविलेल्या रकमेच्या मानाने पुरेसा ठरेल काय. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या भागांचा इतिहास उद्बोधक आहे तो यासाठी की, तिचे भाग घेणाऱ्यांना या तिन्ही प्रश्नांची उत्तरे शोधण्याची निकड राहिली नाही. त्यांच्यासाठी ती उत्तरे सरकारने आधीच देऊन ठेवली होती.

प्रारंभी परिस्थिती अशी नव्हती. १८४५ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांनी हिंदुस्थानातील रेल्वेविषयी जो खलिता धाडला, त्यात येथील रेल्वेचे उत्पन्न मुख्यतः मालाच्या वाहतुकीपासूनच येईल, उतारूंपासून नव्हे, असे अनुमान केलेले होते. योजनेचे प्रवर्तक जॉन चॅपमन हे त्याच सुमारास मुंबईस आले व त्यांनी घाटमार्गांची आणि रहदारीची पाहणी केली. वऱ्हाड-खानदेशातील कापूस बंदरावर आणणे हा त्यांच्या हिशेबाचा कणा होता. मुंबईत जगन्नाथ शंकरशेट व जमशेटजी जिजीभाई यांसारख्या पुढाऱ्यांनी या कार्यास पाठिंबा दिला. परंतु केवळ रहदारीच्या अंदाजावर लंडनचा भांडवलदार पैसा गुंतविण्यास तयार झाला नाही. १८४७ च्या आर्थिक संकटानंतर तर तो अधिकच सावध झाला.

१७ ऑगस्ट १८४९ च्या कराराने ही अडचण दूर केली. पाच लक्ष पौंडांच्या भांडवलावर सरकारने शेकडा ५ व्याजाची हमी घेतली, जमीन ९९ वर्षांसाठी विनामूल्य दिली आणि आणखीही एक सवलत मान्य केली. मार्ग किफायतशीर न ठरल्यास कंपनीने सहा महिन्यांची सूचना देऊन तो सरकारच्या स्वाधीन करावा व आपले भांडवल परत घ्यावे, अशी ही तरतूद होती. याचा अर्थ असा की, नावाने हा भाग असला तरी गुणधर्माने तो सरकारी रोखाच होता. त्यात भर पडली होती ती नफा वाढल्यास त्यात वाटा मिळण्याच्या आशेची.

अशा रोख्याचे मोल घेणारा कोठे बसला आहे यावर अवलंबून असते. लंडनमध्ये त्या वेळी सरकारी कर्जरोख्यांवर शेकडा ३ च्या आसपासच प्राप्ती होई. तेथील गृहस्थास हमीचे शेकडा ५ आकर्षक वाटणे साहजिक होते. मुंबईच्या शेठसावकारांची गोष्ट निराळी होती. पेढीच्या व्यवहारात व कापसाच्या उदिमात त्यांना याहून बरीच अधिक प्राप्ती होत असे. शिवाय कंपनीचे संचालक मंडळ लंडनमध्ये आणि हिशेब पौंडांत. म्हणून १८६० च्या दशकाच्या अखेरीसही हमीदार रेल्वे कंपन्यांच्या भागधारकांत हिंदी लोकांचे प्रमाण शेकडा एकाहूनही कमी होते. मुंबईकडे भांडवल नव्हते असे यावरून म्हणता येत नाही. अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात, १८६५ च्या कोसळीपर्यंत, याच शहराने बॅक बे भरावासारख्या योजनांच्या भागांवर अमाप पैसा ओतला होता. रेल्वेचा भाग न घेण्यात मुंबईच्या व्यापाऱ्याने अज्ञान दाखविले नाही. त्याने आपल्या बाजारभावाने मूल्यमापन केले.

हमीचा दुसरा परिणाम खर्चावर झाला. व्याज ठरलेले असल्याने काटकसरीची प्रेरणा भागधारकाला उरली नाही. व्हाइसरॉयच्या मंडळात अर्थखाते सांभाळलेले विल्यम मॅसी यांनी १८७२ मध्ये पार्लमेंटच्या समितीपुढे हीच गोष्ट स्पष्ट शब्दांत मांडली : हमी मिळाल्यावर आपला पैसा कोठे गेला याची भांडवलदारास पर्वा नव्हती.

प्रत्यक्ष रहदारीने मात्र जुने अनुमान काही अंशी खोटे ठरविले. १६ एप्रिल १८५३ रोजी मुंबई ते ठाणे हा मार्ग खुला झाल्यावर लोकांनी गाडीकडे पाठ फिरविली नाही. जातिनिर्बंध, दारिद्र्य यांमुळे हिंदी मनुष्य प्रवास करणार नाही, ही शंका टिकली नाही. उतारूंत बहुसंख्या तिसऱ्या वर्गाची होती. ज्या गरीब प्रवाशाला मूल्यमापनात फारसे स्थान नव्हते, तोच उतारूंच्या उत्पन्नाचा मुख्य आधार बनला.

पुढे नफ्याच्या वाटणीतही करारातील शब्दांनाच वास्तवाहून अधिक किंमत आली. १८७० मध्ये सरकारने पंचवीस वर्षांनी मार्ग विकत घेण्याचा आपला हक्क सोडला व त्याच्या बदल्यात हमीवरील नफ्याचा अर्धा भाग मिळविला. परंतु हिशेब सहामाही होता. एका सहामाहीत तूट आल्यास ती सरकारने सोसावी आणि पुढच्या सहामाहीत आधिक्य आल्यास त्यातील निम्मे भागधारकांनी न्यावे, असा प्रकार घडे. शिवाय करारात रुपयाचा दर १ शिलिंग १० पेन्स असा बांधलेला होता. १८७३ नंतर चांदी उतरत गेली आणि १८९४-९५ मध्ये रुपया १ शिलिंग १ पेन्सच्या आसपास आला. तरी कागदोपत्री नफा जुन्याच दराने मोजला जाई. यातील फरक हिंदुस्थानच्या तिजोरीतून जात असे. दादाभाई नौरोजी यांनी ज्याला संपत्तीचे निःसारण म्हटले, त्याचा हा एक हिशेबी मार्ग होय.

१ जुलै १९०० रोजी सरकारने हा मार्ग विकत घेतला. किंमत ठरविण्याचे मान करारातच होते : मागील तीन वर्षांतील भागांचा सरासरी बाजारभाव. जो भाव मुख्यतः सरकारच्या हमीमुळे चढला होता, तोच सरकारला मोजावा लागला. ही किंमत वर्षासनांच्या रूपाने फेडावयाची होती व त्यांची मुदत १७ ऑगस्ट १९४८ पर्यंत होती, म्हणजे मूळ कराराला ९९ वर्षे पूर्ण होईपर्यंत.

या वृत्तांतावरून रेल्वेच्या आर्थिक इतिहासाचा अभ्यास करताना एक सावधगिरी आवश्यक ठरते. भागाचा चढता भाव हा कंपनीच्या कार्यक्षमतेचा पुरावा मानला जातो. येथे तो कराराच्या कलमांचा पुरावा होता. लंडनच्या ग्राहकाने आणि मुंबईच्या व्यापाऱ्याने आपापल्या परीने योग्य तेच मूल्यमापन केले. ज्याच्या करातून हमी पुरी होत होती आणि ज्याच्या तिकिटातून गाडी चालत होती, त्या रयतेचे मत मात्र या व्यवहारात कोणी विचारलेच नव्हते.