चार सूत, वीस आटे

सोलापुरात 'सूत' या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक सगळ्यांना माहीत असलेला. पूर्व भागातल्या कुठल्याही गल्लीतून जा, यंत्रमागाचा खडखडाट ऐकू येतो आणि त्या खडखडाटातून चादर किंवा टॉवेल होऊन जे बाहेर पडतं ते सूत. दुसरा अर्थ फिटरचा, सुताराचा, बांधकामावरच्या मिस्त्रीचा. त्यांच्या भाषेत सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. "तीन सुती सळई द्या," म्हटलं की दुकानदार दहा मिलिमीटरची सळई काढून देतो, आणि चार सूत म्हणजे अर्धा इंच. मेट्रिक पद्धत येऊन साठ वर्षं उलटून गेली, पण हे सूत काही तुटलं नाही.

हा दुसरा सूत मला गेल्या महिन्यात पुन्हा भेटला, तो घरातल्या जुन्या ड्रिल मशीनचा चक बदलताना. आता चक बदलणं ही काही इतिहास लिहिण्यासारखी गोष्ट नव्हे, असं कुणीही म्हणेल. पण ती अर्ध्या तासाची खटपट करताना माझ्या हातात जे आलं ते बऱ्याच लांबून आलेलं होतं. म्हणून हा लेखनप्रपंच.

मशीन आमच्या मोठ्या काकांचं. काका इथल्या एका कापड गिरणीच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. गिरणी बंद पडल्यावर त्यांनी हे मशीन विकत घेतलं आणि पुढची बरीच वर्षं यंत्रमागांची दुरुस्ती करून घर चालवलं. ते गेल्यावर मशीन माझ्याकडे आलं. मोटर अजून ठणठणीत आहे, पण चक पार झिजला होता. जबडे (आमच्याकडे त्यांना 'जॉ'च म्हणतात) तोंडाशी फाकलेले, त्यामुळे बिट सरळ न फिरता थरथरत फिरायचं, आणि भिंतीत जरा जोर लावला की बिट जागीच थांबायचं नि चक त्याच्याभोवती गरगर फिरत राहायचा. चावीचे दातही बोथट झालेले. घरात सगळ्यांचा सल्ला एकच, "नवीन घेऊन टाका की, हल्ली किती स्वस्त मिळतात."

भोक पाडण्याच्या विद्येचा विचार केला तर एक गंमत लक्षात येते. फिरवणं ही यातली अवघड गोष्ट कधीच नव्हती. बलुचिस्तानातल्या मेहरगढला नऊ प्रौढ माणसांच्या अवशेषांत अकरा दाढा अशा सापडल्या, की ज्यांना जिवंतपणी गारगोटीच्या टोकाने भोकं पाडली होती. साडेसात ते नऊ हजार वर्षांपूर्वीची ही गोष्ट, २००६ साली 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झाली. तिथले मणी बनवणारे कारागीर ज्या तंत्राने मणी विंधत, तेच त्यांनी दाढेवर वापरलं असावं असा संशोधकांचा तर्क आहे. आपल्या सुतारांचा सामता त्याच कुळातला. धनुकलीची दोरी दांड्याला वेढा घालून पुढेमागे ओढायची की दांडा गरगर फिरतो. पण त्या दांड्यात टोक कायमचं बसवलेलं. वेगळ्या मापाचं भोक पाडायचं तर वेगळा दांडा.

म्हणजे खरी अडचण धरण्याची. लहान-मोठं कुठलंही टोक घट्ट धरायचं, बरोबर मधोमध धरायचं, आणि हवं तेव्हा सोडायचं. १८६३ साली अमेरिकेत स्टीफन मोर्सने पीळ असलेल्या बिटाचं पेटंट घेतलं. आज आपण ड्रिल बिट म्हणून जे ओळखतो ते हेच, पिळातून किस आपोआप बाहेर टाकणारं. १८८९ साली मेलबर्नमध्ये आर्नॉट आणि ब्रेन यांनी विजेच्या ड्रिलचं पेटंट घेतलं, १८९५ साली जर्मनीत स्टुटगार्टच्या फाइन कंपनीने हातात धरता येईल असं विजेचं ड्रिल केलं. बिट झालं, वीजही आली. तरी धरणारा हात पुरेसा भक्कम आणि चटकन उघडणारा नव्हता.

तो हात दिला हार्टफर्डच्या आर्थर जेकब्सने. त्या काळचे चक पान्याने आवळावे लागत. असं सांगतात, की एकदा पाना निसटून त्याच्या बोटांची सालटं निघाली आणि वैतागून तो नव्या चकच्या मागे लागला. गोष्ट खरी असो वा रचलेली, १९०२ साली त्याला पेटंट मिळालं आणि १९०३ साली त्याची कंपनी उभी राहिली. तीन जबडे तिरक्या भोकांतून सरकणारे, त्यांच्या पाठीवर आटे, त्या आट्यांत अडकलेली एक कडी, आणि कडी फिरवणाऱ्या बाहेरच्या कवचावर दाते. दातेरी चावी लावून कवच फिरवलं की तिन्ही जबडे सारखेच पुढे सरकतात. एक पुढे, एक मागे असं होऊच शकत नाही, म्हणून बिट आपसूक मधोमध येतं. पुढे १९१७ साली बाल्टिमोरच्या ब्लॅक अँड डेकरला पिस्तुलासारख्या मुठीच्या आणि खटक्याच्या ड्रिलचं पेटंट मिळालं, आणि आपल्या ओळखीचं मशीन पूर्ण झालं. शंभर वर्षांत मोटर बदलली, पत्र्याचं अंग जाऊन प्लास्टिकचं आलं. चावीचा चक मात्र जवळजवळ तसाच आहे.

असो. तर चक काढायचा कसा? प्लग काढून ठेवायचा, हे पहिलं. मग जबडे पूर्ण उघडायचे. उलट-सुलट दोन्हीकडे फिरणारं मशीन असेल तर चकच्या तळाशी एक स्क्रू दिसतो. हा स्क्रू उलट्या आट्याचा. नेहमीप्रमाणे डावीकडे फिरवाल तर आणखी घट्ट बसेल, हा उजवीकडे फिरवला की सुटतो. यामागे साधा हिशोब आहे. चक सरळ आट्यांनी शाफ्टवर बसलेला असतो, त्यामुळे मशीन उलटं चालवताना तो स्वतःच सुटून यायचा धोका असतो. उलट्या आट्याचा स्क्रू नेमका त्याच वेळी घट्ट होतो आणि चकला धरून ठेवतो. स्क्रू निघाला की एक जाडशी एलन की चकमध्ये आवळायची आणि तिच्या आडव्या दांडीवर हातोडीचा एकच नेमका ठोका द्यायचा, चक डावीकडे फिरेल असा. हळूहळू दाबून काही होत नाही, झटकाच लागतो. एकदा सुटला की हाताने फिरवून निघतो.

दुकानात गेलो तेव्हा मी जुना चक पुढे ठेवला. दुकानदाराने तो उलटा करून आत एक नजर टाकली आणि मागच्या पोऱ्याला ओरडून सांगितलं, "अरे, चार सूत वीस आट्याचा काढ, तेरा एमएमचा." मग माझ्याकडे वळून, "मालक, बसतंय हे. घेऊन जावा बिनघोर."

चार सूत, वीस आटे. अर्ध्या इंचाचा शाफ्ट, त्यावर दर इंचाला वीस आटे. आणि चकचं तोंड किती उघडतं, तर तेरा मिलिमीटर. एकाच वस्तूच्या एका टोकाला इंच आणि दुसऱ्या टोकाला मिलिमीटर! घरी आणून फिरवला, आणि कुठल्या देशातल्या कुठल्या कारखान्यात बनलेला तो चक काकांच्या जुन्या शाफ्टवर लोण्यासारखा चढला.

हे असं 'बसणं' आपण गृहीत धरतो. पण ते फुकट मिळालेलं नाही. १८४१ साली इंग्लंडमध्ये जोसेफ व्हिटवर्थने आट्यांची पहिली सर्वमान्य पद्धत मांडली, आट्याचा कोन ५५ अंश. १८६४ साली अमेरिकेत विल्यम सेलर्सने आपली वेगळी मांडली, कोन ६० अंश. अर्ध्या इंचाच्या जाड आट्याच्या बोल्टला व्हिटवर्थच्या हिशोबात इंचाला बारा आटे, अमेरिकेच्या हिशोबात तेरा. एकाचा नट दुसऱ्यावर सुरुवातीला चढल्यासारखा वाटतो आणि मग अडकून बसतो. आपल्या देशातल्या गिरण्यांत ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्ससारख्या लँकेशायरच्या कंपन्यांची यंत्रं आली, ती व्हिटवर्थचे आटे घेऊन. म्हणून काकांच्या डब्यात टॅपचे दोन वेगळे संच असत आणि कुणी त्यांची सरमिसळ केली तर त्यांचा आवाज अख्ख्या वाड्यात ऐकू जाई.

दुसऱ्या महायुद्धात हा घोळ जिवावर बेतू लागला. ब्रिटिश मर्लिन विमान-इंजिन अमेरिकेत बनवायचं काम पॅकार्ड कंपनीने घेतलं, तेव्हा तिला ब्रिटिश आटे पाडण्याची हत्यारं स्वतःच तयार करावी लागली. हा धडा घेऊन १८ नोव्हेंबर १९४८ रोजी वॉशिंग्टनमध्ये ब्रिटन, कॅनडा आणि अमेरिका यांनी एका सामाईक आट्याच्या करारावर सह्या केल्या. कोन ६० अंशांचा. अर्ध्या इंचाला बारीक आटे वीस, हे माप त्या सामाईक कोष्टकात आहे. आपण १९५६ साली मेट्रिक मापांचा कायदा केला, १९५८ पासून तो लागू होत गेला आणि १९६२ पर्यंत जुनी मापं व्यवहारातून कायद्याने गेली. पण ड्रिलच्या शाफ्टने इंच सोडला नाही, कारण सोडला असता तर जगभरातले जुने शाफ्ट एका दिवसात अनाथ झाले असते. गिरणीतलं सूतही तसंच. त्याचा नंबर आजही काउंटमध्ये सांगतात. वीस काउंट म्हणजे एका पौंडात ८४० यार्डांच्या वीस लडी. जिथे एका माणसाची वस्तू दुसऱ्याच्या वस्तूवर बसायची असते, तिथे माप बदलणं सोपं नसतं.

सोलापूरचं नाव कायदा शिकणाऱ्या मुलांना वेगळ्याच कारणाने माहीत असतं. १८७० च्या दशकात सुरू झालेली सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग, म्हणजे आपली जुनी गिरणी, ऑगस्ट १९४९ मध्ये बंद पडली. जानेवारी १९५० मध्ये सरकारने अध्यादेश काढून तिचा कारभार हाती घेतला. चरणजितलाल चौधरी नावाच्या भागधारकाने त्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं, ती याचिका डिसेंबर १९५० मध्ये फेटाळली गेली. पुढे द्वारकादास श्रीनिवास यांच्या खटल्यात, १९५३ च्या डिसेंबरात, न्यायालयाने निकाल सरकारच्या विरुद्ध दिला. मालमत्ता म्हणजे काय, ती हिरावून घेणं म्हणजे काय, याची चर्चा करताना हे निकाल आजही वाचले जातात.

ते निकाल वाचताना माझ्या मनात नेहमी येतं, की शेअर, इमारत, यंत्रं, सगळ्याची मोजदाद झाली, पण वर्कशॉपमधल्या माणसांच्या बोटांत जे होतं ते कुठल्या यादीत होतं? त्याला कुणी मालमत्ता म्हटलं नाही. पुढे एकामागून एक गिरण्या बंद पडत गेल्या तेव्हाही यंत्रं भंगारात गेली, जागांचे भाव झाले, आणि ही विद्या मात्र सायकलच्या कॅरिअरला बांधलेल्या डब्यातून गल्लीबोळांत पसरली. यंत्रमाग दुरुस्त करणारे कितीतरी हात गिरणीत तयार झालेले होते. आमच्या काकांचे त्यातलेच. तेलुगू बोलणारे कारखानदार त्यांना 'मेस्त्री' म्हणत, ते कारखानदारांना 'अण्णा', आणि मधली भाषा आट्यांची.

आता ते हात कमी होत चाललेत. त्याहून जास्त बोचतं ते दुसरंच. बाजारात बॅटरीवर चालणारी सुंदर, हलकी मशीनं आली आहेत. चांगली आहेत, नाही म्हणत नाही. पण एका कंपनीची बॅटरी दुसऱ्या कंपनीच्या मशीनला बसत नाही. व्होल्ट तोच, आतले सेलही बहुतेक सारखेच, फक्त खाचा मुद्दाम वेगळ्या. बॅटरी दमली आणि कंपनीने ते मॉडेल बंद केलं, की धडधाकट मशीन कपाटात जातं. म्हणजे व्हिटवर्थ आणि सेलर्सचं भांडण पुन्हा सुरू. फरक इतकाच, की तेव्हा एकमेकांची मापं न जुळण्याचा त्रास सगळ्यांनाच होत होता, म्हणून तीन देश एका टेबलाशी येऊन बसले. आता न जुळण्यातच कुणाचा तरी फायदा आहे. मग टेबल मांडणार कोण?

दुरुस्ती म्हणजे काटकसर, असं आपल्याकडे समजतात. ते आहेच. पण कुठलीही दुरुस्ती शक्य होते ती आपल्या आधी कुणीतरी अनोळखी माणसांसाठी दिलेल्या शब्दामुळे. 'तू कुणीही अस, कुठेही अस, माझ्या मापाचं केलंस तर बसेल,' असा तो शब्द. तो शब्द कुठल्या कागदावर सही करून दिलेला असो, नाहीतर पेठेतल्या दुकानात "चार सूत" म्हणून तोंडी चालत आलेला असो, त्यावरच हे सगळं तोललेलं आहे. एक सूत इकडे झालं किंवा तिकडे, तर नट अडतो. हे आमच्या गावातल्या विणकराला आणि फिटरला, दोघांनाही, वेगळं सांगावं लागत नाही.