टाकाऊतून टिकाऊ

कार्यानुभवाच्या तासाला करवंटीचे कासव आणि काडेपेट्यांचा हत्ती आपण सगळ्यांनीच केला आहे. बाईंनी गुण दिले, प्रदर्शन संपले, हत्ती कचऱ्यात गेला. पण याच खेळाला कलेच्या इतिहासात मानाचे पान आहे.

पाब्लो पिकासोने 1942 मध्ये, पॅरिस जर्मनांच्या ताब्यात असताना, जुन्या सायकलची सीट आणि हँडल जोडून बैलाचे डोके केले. बस, दोनच वस्तू! बैल तर दिसतोच, पण सीटही सीटच राहते. पुढे 1950 मध्ये त्याने शेळी केली, तिचे पोट म्हणजे वेताची टोपली. नंतरच्या माकडिणीचे तोंड त्याच्या मुलाच्या खेळण्यातल्या दोन मोटारींचे आहे.

मला मात्र जास्त जवळचे वाटतात चंदीगडचे नेकचंद. फाळणीत त्यांचे गाव पाकिस्तानात गेले. इकडे ते सरकारी रस्ते निरीक्षक झाले. नवे, आखीव-रेखीव चंदीगड उभे राहत होते आणि त्यासाठी तिथली जुनी गावे पाडली जात होती. त्या ढिगाऱ्यातल्या फुटक्या बश्या, बांगड्या, मडकी, सायकलींचे सांगाडे नेकचंद सायकलवरून सुखना तलावाजवळच्या राखीव जंगलात नेऊन साठवत. 1957 च्या सुमारास सुरुवात केली. नोकरी सांभाळून, बहुतेक रात्रीच. सायकलच्या सीटची जनावरांची डोकी झाली, फोर्कचे पाय झाले. माकडांना चिनीमातीच्या तुकड्यांची कातडी मिळाली. पिकासोची सीट इथेही आली, पण या वस्तू ज्यांच्या घरातल्या होत्या, ती घरेच उरली नव्हती. स्वतःचे गाव गमावलेल्या माणसाने त्या उचलल्या, हे मला महत्त्वाचे वाटते.

हे सारे बेकायदेशीर होते. त्या जमिनीवर काहीही बांधायला मनाई होती. सत्तरच्या दशकात सरकारी माणसांना पत्ता लागला, तेव्हा कित्येक एकरांवर पुतळ्यांची फौज उभी होती. पाडायचे की ठेवायचे यावर बराच खल झाला. शेवटी 1976 मध्ये ‘रॉक गार्डन’ लोकांसाठी खुले झाले. नेकचंदांना पगार देऊन तिथेच नेमले, हाताखाली 50 मजूर दिले. सरकारी खात्याकडून असा शहाणपणा क्वचितच घडतो! 1984 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

तरी धोका टळला नव्हता. पुढे बागेतून रस्ता काढायला बुलडोझर आले. तेव्हा चंदीगडचे लोक हातात हात घालून आडवे उभे राहिले, आणि बुलडोझर परत गेले.