दस्तक, निशाण आणि शिबाड : घाटावरचा माल, आंग्र्यांचा समुद्र

समुद्री चाच्यांच्या ऑनलाइन खेळात नवखा खेळाडू तोफांमागे धावतो. मुरलेला खेळाडू मालाच्या भावांवर नजर ठेवतो. एका बंदरात माल स्वस्त, दुसऱ्यात महाग आणि मधल्या पाण्यात लुटारू. जहाज किती भरावे, सोबत कोणाची घ्यावी, संकट दिसताच पळावे की पैसे देऊन सुटावे, हा सारा त्याचा हिशेब असतो.

अठराव्या शतकात हाच हिशेब कोकण किनाऱ्यावर खऱ्या मालाने आणि खऱ्या जिवांनी मांडला जात होता. त्याचे एक टोक दाभोळ-राजापूरच्या खाड्यांत होते आणि दुसरे सह्याद्रीच्या माथ्यापलीकडे, सातारा, कऱ्हाड, मिरज या मुलखात. खेळात सहसा नसलेली एक वस्तू मात्र त्या हिशेबात सर्वांत महाग होती. ती म्हणजे कागद. हा धागा त्या कागदाविषयी.

प्रथम माल. कृष्णा-कोयनेच्या खोऱ्यातला गूळ, हळद, मिरची, तंबाखू बैलांच्या पाठीवर लादून कुंभार्ली घाटाने चिपळूणला उतरे. तिथून गोवळकोटच्या धक्क्यावर होड्यांत चढे आणि वाशिष्ठीच्या खाडीतून दाभोळच्या मुखाशी येई. मिरज-कोल्हापूरकडचा माल आंबा किंवा अणस्कुरा घाटाने रत्नागिरी-राजापुराकडे वळे. परतीच्या वाटेवर बैलांच्या पाठीवर मीठ, नारळ, सुपारी, सुकी मासळी, खजूर. घाटावर मीठ पिकत नाही आणि मिठावाचून चूल चालत नाही. म्हणून परतीचा बैल कधी रिकामा चढत नसे. निम्मा नफा या परतीच्या भारातच असे.

शंभर बैलांवरचा भार एक मध्यम शिबाड सहज पोटात घेई. शिबाड म्हणजे किनाऱ्यावरचे मालवाहू जहाज: रुंद, संथ, दोन डोलकाठ्यांचे. वल्ह्यांवर चालणाऱ्या चपळ गलबतापुढे त्याला पळून जाणे शक्य नव्हते. हंगामही आखूड. पावसाळ्यात समुद्र बंद, नारळी पौर्णिमेला तो उघडायचा आणि पुढच्या पावसाआधी सगळ्या फेऱ्या उरकायच्या. या अवधीत जहाज एखाद्या बंदरात महिनाभर अडकले, तरी लुटल्यासारखेच नुकसान होई.

मालाच्या भावात राज्यकर्ते हात घालीत, तोही या काळाच्या आधीपासून. १६७१ च्या डिसेंबरात शिवाजी महाराजांनी कुडाळच्या सरसुभेदाराला पत्र लिहून पोर्तुगीजांच्या बारदेशातून येणाऱ्या मिठावर जबर जकात बसवायला सांगितले. बारदेशचे मीठ स्वस्त पडले तर व्यापारी तिकडे वळतील आणि स्वराज्यातली मिठागरे ओस पडतील, ही त्यामागची चिंता. आरमाराच्या इतिहासात लढायांना जितकी पाने मिळतात, तितकी या पत्रालाही मिळायला हवीत.

आता कागद. सोळाव्या शतकाच्या आरंभी पोर्तुगीजांनी हिंदी महासागरात एक नवी रीत आणली. त्यांचा ‘कार्ताझ’ नावाचा परवाना न घेता कोणी जहाज हाकारले तर ते जप्त. परवान्याची किंमत फार नव्हती. पण परवाना घेणाऱ्याला पोर्तुगीज बंदरात जकात भरावी लागे आणि त्यांनी मना केलेला माल नेता येत नसे. मोगल बादशहाच्या घराण्याची जहाजेही हा कागद घेत. घेऊनही भरवसा नव्हताच. १६१३ मध्ये जहांगीराच्या आईचे ‘रहिमी’ हे प्रचंड जहाज कार्ताझ जवळ असतानाही पोर्तुगीजांनी सुरतेजवळ पकडले. या कृत्याला युरोपीय ग्रंथांत क्वचितच चाचेगिरी म्हटले जाते.

शंभर वर्षांनंतर कान्होजी आंग्र्यांनी तीच रीत उचलली. मराठी आरमाराची सूत्रे त्यांच्याकडे १६९८ च्या सुमारास आली. त्यांचे म्हणणे सरळ होते: हा किनारा छत्रपतींचा, म्हणून येथून जाणाऱ्या जहाजाने सरखेलांचे दस्तक घ्यावे. दस्तक असेल तर वाट मोकळी. नसेल तर जहाज कुलाबा किंवा विजयदुर्गाच्या तोफांखाली आणून उभे केले जाईल.

हे ‘छत्रपतींचा’ म्हणणे साताऱ्याशी कसे जोडले गेले, ते पाहण्यासारखे आहे. १७०८ च्या जानेवारीत शाहू महाराजांचा साताऱ्यात राज्याभिषेक झाला, तेव्हा कान्होजी ताराबाईंच्या पक्षात होते. १७१३ मध्ये शाहूंनी त्यांच्यावर पेशवे बहिरोपंत पिंगळे यांना धाडले. कान्होजींनी पेशव्यांनाच कैद केले. मग त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात पेशवेपद बाळाजी विश्वनाथांकडे आले. ते मूळचे श्रीवर्धनचे, कोकणचे पाणी जाणणारे. त्यांनी लढाईऐवजी बोलणे केले. १७१४ च्या आरंभी कान्होजींनी शाहूंची सत्ता मान्य केली, सरखेलपद आणि किल्ले त्यांच्याकडे राहिले. दस्तकामागे आता साताऱ्याची गादी उभी राहिली. या समेटाने अरबी समुद्रातल्या एका कागदाचे वजन बदलले.

व्यापाऱ्याच्या बाजूने पाहिले तर प्रश्न राजनिष्ठेचा नव्हता, बेरीज-वजाबाकीचा होता. उदाहरणादाखल, हजार रुपयांचा माल पलीकडच्या बंदरात चौदाशेला जातो असे धरू. भाडे, हमाली, जकात यांत दोनशे गेले तर दोनशे उरले. आता दहा फेऱ्यांत एक जहाज पकडले जात असेल, तर दर फेरीमागे शंभराचा धोका डोक्यावर आहे. म्हणजे नफा निम्मा झाला. दस्तक वीस-पंचवीस रुपयांत मिळत असेल तर ते न घेणे हा मूर्खपणा. उलट दस्तकाचा दर धोक्याहून वर गेला, तर व्यापारी दुसरी वाट शोधणार. म्हणून दस्तक विकणाऱ्याला दोन्ही टोके सांभाळावी लागत. पाडाव केलेले प्रत्येक जहाज ही दस्तकाची जाहिरातच होती. मात्र पाडाव फार झाले, तर दस्तक घ्यायला समुद्रावर कोणी उरत नसे.

धोका विकण्याची सोय जमिनीवरही होती. ‘जोखमी हुंडी’ हा तिचा सुंदर नमुना. माल पाठवणारा आपल्या मालाच्या किमतीची हुंडी पलीकडच्या आडत्यावर लिही आणि सावकाराला काही सूट देऊन विकून टाकी. माल सुखरूप पोहोचला तर हुंडी पटे. जहाज बुडाले किंवा लुटले गेले तर सावकाराचे पैसे गेले. कर्ज, रक्कम पाठवणे आणि विमा ही तिन्ही कामे एकाच कागदात. सावकार किती सूट मागतो, त्यावरून त्या हंगामात समुद्र किती अशांत आहे ते बाजाराला कळे.

मग भांडण पेटले ते कशावरून? निशाणावरून. निशाणाचा संशय मराठ्यांना जुना होता. १६६० मध्ये सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला, तेव्हा राजापूरच्या वखारीतले इंग्रज तोफ घेऊन गेले आणि आपले निशाण लावून गडावर गोळे टाकू लागले. व्यापाऱ्याचे निशाण लढाईत कसे उतरले, याचा जाब शिवाजी महाराजांनी पुढच्याच वर्षी राजापूरची वखार लुटून आणि तिथला प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन याला कैद करून विचारला.

कान्होजींच्या काळी तोच प्रश्न समुद्रावर आला. कंपनीचे मुंबईतले अधिकारी पगारावर नव्हे, खासगी व्यापारावर श्रीमंत होत. हिंदी व्यापाऱ्याचा माल इंग्रजी निशाणाखाली नेला की दस्तकाचा खर्च वाचे, आणि त्या वाचलेल्या पैशात निशाण देणाऱ्याचा वाटा असे. १७१३ मध्ये गव्हर्नर एस्लाबी आणि कान्होजी यांच्यात तह झाला. त्यात इंग्रजांच्या जहाजांना त्रास न देण्याचे कान्होजींनी कबूल केले, आणि इंग्रज व्यापाऱ्यांच्या मालकीची नसलेली जहाजे इंग्रजी निशाण लावणार नाहीत, याची हमी इंग्रजांनी दिली. तहाचा सारा जीव या दुसऱ्या अटीत होता, आणि तीच पाळली गेली नाही. नव्या गव्हर्नर बूनच्या काळात हिंदी व्यापाऱ्यांचा माल असलेली इंग्रजी निशाणाची जहाजे आंग्र्यांनी धरली. बूनच्या मते ही लूट होती. कान्होजींच्या मते तहाची अंमलबजावणी. कागद वाचला तर कान्होजींची बाजू कमकुवत दिसत नाही.

त्यानंतरच्या स्वाऱ्या बहुतेकांना ठाऊक आहेत: १७१८ मध्ये खांदेरी, १७२० मध्ये विजयदुर्ग, १७२१ मध्ये पोर्तुगीजांना सोबत घेऊन कुलाबा. तिन्ही फसल्या. या लढायांपेक्षा त्याच वर्षांत मुंबईत जे घडले, ते व्यापाऱ्यांना अधिक धडकी भरवणारे होते.

रामा कामत हा मुंबईचा मोठा शेणवी व्यापारी. कंपनीला शिपाई पुरवणारा, गव्हर्नरांच्या ऊठबशीतला. वाळकेश्वराचे देऊळ त्याने १७१५ मध्ये नव्याने उभारले. खांदेरीच्या अपयशानंतर त्याच्यावर आरोप आला की तो आंग्र्यांशी गुप्त पत्रव्यवहार करतो. पुरावा म्हणून पत्रे पुढे आली. एका साक्षीदाराचे अंगठे लोखंडी पेचात आवळून कबुलीजबाब मिळवण्यात आला. १७२० मध्ये खटला चालून रामा कामत दोषी ठरला, मालमत्ता जप्त झाली, आणि १७२८ मध्ये तो कैदेतच वारला. ती पत्रे बनावट असल्याचे पुढे उघड झाले. आंग्र्यांचे दस्तक घ्यावे तर मुंबईत संशय, न घ्यावे तर समुद्रात जप्ती. या दोहोंच्या मधली जागा किती अरुंद होती, ते या एका माणसाच्या शेवटावरून समजते.

खुश्कीची वाटही निर्धोक नव्हती. १७२७ ची गोष्ट तर एका हत्तीची आहे. चिपळूणजवळच्या परशुराम क्षेत्री राहणारे ब्रह्मेंद्रस्वामी दरसाल कर्नाटकात फेरी करीत. अंजनवेलच्या सिद्दी सातने सावनूरच्या नवाबाकडून हत्ती आणण्याचे काम त्यांच्यावर सोपवले. हत्ती निघाला, पण वाटेत आंग्र्यांच्या माणसांनी तो अडवून नेला. स्वामींनीच दगा दिला असे समजून सिद्दी सातने परशुरामाचे देवस्थान लुटले. पुढे कान्होजींनी हत्ती परत केला, तरी व्हायचे ते होऊन गेले होते. स्वामी कोकण सोडून घाटावर आले आणि शाहू महाराजांच्या आश्रयाने साताऱ्याजवळ धावडशीला राहिले. १७४५ पर्यंत, म्हणजे मृत्यूपर्यंत, ते तिथेच होते. पेशव्यांसह अनेक सरदारांना कर्ज देणारे हे स्वामी सिद्दीविरुद्ध मोहीम व्हावी म्हणून सतत पत्रे लिहीत राहिले. ती मोहीम १७३३ मध्ये निघाली. तिला इतरही कारणे होती, पण एका अडवलेल्या ‘मालाचा’ तिच्या मुळाशी हात होता हे खरे.

कान्होजी १७२९ मध्ये वारले आणि घरात फूट पडली. १७३५ च्या डिसेंबरात संभाजी आंग्र्यांनी इंग्लंडहून मुंबईला येणारे ‘डर्बी’ हे कंपनीचे जहाज धरले. त्यात रोकड होतीच, शिवाय मुंबईच्या जहाजांना लागणारे सामानही होते. दस्तक विकून मिळणारे नियमित उत्पन्न आणि एकदम हाती लागणारे घबाड यांत दुसऱ्याची ओढ इथून वाढत गेली, असे दिसते. तुळाजी आंग्र्यांच्या काळात तर साताऱ्याच्या नावाचा आधारही सुटला. पेशव्यांशी त्यांचे उघड वैर झाले. पेशव्यांना न जुमानणाऱ्याचे दस्तक पेशव्यांच्या मुलखातल्या व्यापाऱ्याने का मानावे, या प्रश्नाला तुळाजींकडे तोफांखेरीज उत्तर नव्हते.

१७५५ मध्ये नानासाहेब पेशवे आणि मुंबईकर इंग्रज यांच्यात आंग्र्यांविरुद्ध करार झाला. त्याच वर्षी सुवर्णदुर्ग पडला. १७५६ च्या फेब्रुवारीत वॉटसन आणि क्लाइव्ह यांच्यापुढे विजयदुर्ग पडला आणि बंदरात उभे असलेले आंग्र्यांचे आरमार जळून गेले. किल्ल्यात सापडलेली सुमारे दहा लाखांची लूट इंग्रजांनी आपसांत वाटून घेतली. विजयदुर्ग पेशव्यांच्या हाती यायला ऑक्टोबरातला तह करावा लागला, आणि त्यात इंग्रजांनी बाणकोट पदरात पाडून घेतले. बाणकोट म्हणजे सावित्रीच्या खाडीचे मुख, महाडच्या व्यापाराचे दार. किल्ला देऊन बंदर घेणाऱ्या बाजूला काय हवे होते, ते स्पष्ट आहे.

विजयदुर्गावर पुढे धुळपांच्या हाताखाली पेशव्यांचे आरमार राहिले. १७८३ मध्ये आनंदराव धुळपांनी इंग्रजांचे ‘रेंजर’ धरूनही दाखवले. पण किनाऱ्यावरच्या व्यापाऱ्याला आता दुसऱ्या कागदाची भीती उरली नव्हती आणि पर्यायही उरला नव्हता. १८१२ मध्ये कोल्हापूरकरांनी मालवण इंग्रजांना दिले, १८१८ मध्ये पेशवाई गेली.

त्याच १८१८ मध्ये जेम्स ग्रँट डफ साताऱ्यात कंपनीचा प्रतिनिधी म्हणून आला. तो तिथे चार वर्षे राहिला, राजदप्तरातली कागदपत्रे त्याने पाहिली, आणि १८२६ मध्ये त्याचा मराठ्यांचा इतिहास प्रसिद्ध झाला. आंग्रे हे चाचे, ही प्रतिमा अशा इंग्रजी ग्रंथांतून शाळेच्या पुस्तकांपर्यंत उतरली.

माल मात्र त्याच वाटांनी जात राहिला. पटवर्धनांनी १८०१ मध्ये सांगलीला वेगळी गादी थाटली. तिथला हळद-गुळाचा बाजार वाढला आणि पेठेच्या एका भागाला वखारभाग हे नाव पडले. १८८० च्या दशकात मिरजेला आगगाडी येईपर्यंत या मुलखातले बैल घाट उतरून खाडीशी जात आणि मीठ घेऊन वर चढत. फरक इतकाच की शिबाडाच्या तांडेलाला आता एकच कागद जवळ ठेवावा लागे, आणि त्याचा दर मुंबईत ठरत होता.